काटे लांडग्यासाठी होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाळीव कुत्र्यांच्या साजशृंगारावर लेख आला होता. त्यासोबतच्या छायाचित्रातल्या लॅब्रेडॉरच्या गळ्यात चकचकीत काट्यांचा पट्टा होता आणि खाली ‘रुबाबदार’ असं छापलं होतं. मी चामड्याचे पट्टे शिवतो. वडिलांनी हातात आरी दिली तेव्हापासून हेच काम. काटेरी पट्ट्याची मागणी माझ्याकडे वरचेवर येते आणि कुत्रा घरात पाळलेला असेल, तर मी ती घेत नाही. का घेत नाही, हे घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला नीट सांगून होत नाही. म्हणून हे पत्र.

काटेरी पट्टा या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकाचे काटे बाहेर असतात, दुसऱ्याचे आत, कुत्र्याच्या मानेकडे वळलेले. दोन्हींचं नुकसान वेगळं आहे, म्हणून वेगवेगळंच बोलतो.

बाहेरच्या काट्यांचा इतिहास जुना आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यावर लांडगा झडप घालतो तो थेट गळ्यावर. तो घाव चुकवण्यासाठी हा पट्टा जन्माला आला. तुर्कस्तानातल्या कांगल कुत्र्यांच्या गळ्यात आजही लोखंडी काट्यांचे पट्टे असतात, हिमालयातले मेंढपाळ बिबट्याच्या भीतीने ते घालतात. व्हॅरो या रोमन लेखकाने इसवी सनापूर्वी ३७ साली शेतीवरच्या आपल्या ग्रंथात या पट्ट्याचं वर्णन करून ठेवलंय. मजबूत चामड्याचा पट्टा, त्यात डोकं असलेले खिळे, आणि लोखंडाचा कडकपणा मानेला लागू नये म्हणून खिळ्यांच्या डोक्यांवर आतून शिवलेलं मऊ कातडं. हे मी वाचलं तेव्हा त्या काळातल्या कारागिरापुढे मनोमन हात जोडले. लांडग्याशी झुंजणाऱ्या कुत्र्याचा पट्टा बनवतानाही त्याने आधी कुत्र्याच्या मानेचा विचार केला होता.

आता बाजारातला काटेरी पट्टा हातात घ्या आणि उलटा करून पाहा. बहुतेकांत काट्याच्या स्क्रूचं बूड किंवा रिबिटाचं टोक उघडंच असतं. फार तर वर पातळ रेक्झिन चिकटवलेलं असतं, ते घामाने आणि पाण्याने सुटतं. कुत्र्याच्या केसांखालची कातडी आपल्या कातडीपेक्षा बरीच पातळ असते. तिच्यावर दिवसभर धातू घासत राहिला की आधी केस जातात, मग लाली येते, मग ओल धरून जखम चिघळते. दाट केसांच्या कुत्र्यात हे वास येईपर्यंत कळत नाही. पट्टा सैल करायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या कुत्र्याची मान मी केस बाजूला सारून पाहतोच. काय काय दिसतं, ते इथे लिहीत नाही.

शिवाय घरातल्या कुत्र्याला लांडगा भेटत नाही. त्याला दुसरा कुत्रा भेटतो, तोही खेळायला. कुत्र्यांचा खेळ म्हणजे एकमेकांची मान तोंडात धरणं. काटा ओठात, हिरडीत, डोळ्यात जातो तो या सवंगड्याच्या. घरातलं लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात पडतं तेव्हा त्याचा गाल नेमका पट्ट्याच्या उंचीवर असतो. कुत्रा मागच्या पायाने मान खाजवतो, जमिनीवर हनुवटी टेकून झोपतो, तेव्हाही काटे असतातच. काटे बोथट आहेत असं विक्रेता सांगतो. पण अंगावर झेप घेणाऱ्या तीस किलोच्या कुत्र्याचा जोर मागे असेल तर बोथट काटाही डोळा फोडू शकतो.

एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या काटेरी पट्ट्यांत एखाददुसरा काटा गायब असतो. कुठे गेला म्हणून विचारलं तर घरात कुणालाच ठाऊक नसतं. स्क्रूचे काटे फिरून फिरून सैल होतात, आणि घरात दोन कुत्री असली तर एकाच्या गळ्यातला काटा दुसरा चावून काढतो. स्वस्त काटे पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. असा तुकडा पोटात गेला तर आम्लात जस्त विरघळतं आणि त्याच्या विषाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हिरड्या पांढऱ्या पडणं, लघवी लालसर होणं, उलट्या आणि मरगळ ही त्याची लक्षणं. पट्ट्यातला काटा हरवलेला असेल आणि कुत्रा असा दिसत असेल तर एक दिवसही थांबू नका. पशुवैद्याकडे न्या आणि उरलेला पट्टा सोबत घेऊन जा.

आता आतल्या काट्यांचा पट्टा. हा चामड्याचा नसतो. पोलादी दुव्यांची साखळी असते, प्रत्येक दुव्याला दोन दात, टोकं मानेकडे. दोरी ताणली की साखळी आवळते आणि सगळे दात एकदम कातडीत रुततात. कुत्रा ओढायचा थांबतो, कारण दुखतं. दुसरं काही कारण त्यात नाही.

याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं मी ऐकून घेतलेलं आहे. ते म्हणतात, नुसत्या फासाच्या साखळीपेक्षा हा बरा, याला आवळण्याची मर्यादा असते आणि दाब चहूबाजूंनी वाटला जातो. फासाशी तुलना केली तर यात तथ्य आहे. पण फासापेक्षा बरा म्हणजे मानेला चांगला, असं कसं होईल? त्या मानेत श्वासनलिका आहे, तिच्या कूर्चेच्या कड्या पुऱ्या गोल नसून एका बाजूने उघड्या असतात. स्वरयंत्राच्या खाली थायरॉइड ग्रंथी आहे, बाजूने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि महत्त्वाच्या नसा आहेत. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी मानेच्या कृत्रिम नमुन्यावर वेगवेगळे पट्टे ओढून दाब मोजला. त्यात आतून गादी लावलेले पट्टेही होते. जोरात ओढ बसली तर इजेची भीती नाही, असं त्यातल्या एकाही पट्ट्याबद्दल म्हणता आलं नाही. पट्टे शिवणं हाच माझा धंदा असूनही मी हे गिऱ्हाइकांना सांगतो. साध्या रुंद पट्ट्याची ही गत असेल, तर त्याच जागी पोलादी दात लावायचे कशासाठी?

पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा यांची श्वासनलिका मुळात नाजूक, दाबाने बसणारी. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला श्वास घेणं आधीच जड जातं. पट्ट्याला ओढ बसली की डोळ्यातला दाब वाढतो आणि हार्नेसने, म्हणजे मानेऐवजी छाती-खांद्यांभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या जोडणीने, तो तसा वाढत नाही, हे २००६च्या एका अभ्यासात दिसलेलं आहे. काचबिंदू असलेल्या कुत्र्याचं काय होत असेल, विचार करा.

मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ती कुत्रा यातून काय शिकतो याची. समोरून दुसरा कुत्रा येतो, आपला कुत्रा आनंदाने पुढे धावतो आणि त्याच क्षणी मानेत कळ उठते. दोरी मालकाच्या हातात आहे, हे त्याला कळत नाही. त्याला दिसतो समोरचा कुत्रा. असं वारंवार झालं की दुसरं कुत्रं दिसताच तो गुरगुरायला लागतो. मालक म्हणतो, कुत्रा आक्रमक झाला, पट्टा अजून घट्ट करा. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ साली निवेदन काढून बक्षीस देऊन शिकवण्याच्या पद्धतीच वापरा असं सांगितलं, ते अशाच परिणामांमुळे. जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून शिकवताना असे पट्टे वापरायला बंदी आहे. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियातही बंदी आहे. या देशांतही अंगाने दांडगी, ओढाळ कुत्री आहेतच आणि माणसं त्यांना फिरवतातच.

ओढणाऱ्या कुत्र्यासाठी मी छातीवर कडी असलेला हार्नेस सुचवतो. दोरी पुढून बांधली की कुत्रा ओढताच त्याचं अंग मालकाकडे वळतं, मानेवर काही येत नाही. पट्टी खांद्याच्या सांध्यावरून आडवी जाणार नाही एवढं पाहावं, समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार दिसला पाहिजे. दोरी ताणली की जागीच थांबायचं, सैल झाली की चालायला लागायचं आणि शाबासकी द्यायची. याला वेळ लागतो, घरातल्या सगळ्यांनी तसंच वागावं लागतं, आणि नेमकं तेच लोकांना नको असतं. गळ्यातला पट्टा नाव-पत्त्याच्या बिल्ल्यापुरता ठेवावा. रुंद, सपाट, आतून मऊ, खाली दोन बोटं सहज सरकतील एवढा सैल. पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासा. मान वाढते, पट्टा वाढत नाही, आणि कातडीत रुतलेला पट्टा शस्त्रक्रिया करून काढावा लागतो.

ज्यांच्या कुत्र्याला आतल्या दातांच्या पट्ट्याची सवय झाली आहे, त्यांनी तो काढून लगेच गर्दीच्या रस्त्यावर जाऊ नये. कुत्रा एकदम मोकळा झाल्यासारखा ओढेल आणि हातातून सुटेल. आधी घरात हार्नेस घालून वावरू द्या, मग शांत जागी न्या. सुरुवातीला दोन टोकांची दोरी घ्या, एक टोक छातीच्या कडीला आणि दुसरं पाठीच्या. आणि पहिल्याच दिवशी मानेवरचे केस बाजूला करून उजेडात कातडी पाहा. खपली, सूज किंवा पू दिसला तर हळद-तेल लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मान बरी होईपर्यंत गळ्यात काहीच घालू नका. बिल्ला हार्नेसलाही लावता येतो.

आपला,
चामड्याचे पट्टे शिवणारा एक वाचक