क्लोझापिनचा खंड आणि डिस्चार्ज कार्ड

महोदय,

माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन घेतो. दोन वेगळी औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ देऊनही आजार हटत नाही, तेव्हा हे औषध सुरू करतात, तेही १२.५ मिलिग्रॅमपासून, रक्तदाब व नाडी पाहत, हळूहळू वाढवत. मात्र ४८ तासांहून अधिक खंड पडला, तर ३०० मिलिग्रॅमची जुनी मात्रा एकदम घेतल्यास रक्तदाब घसरून रुग्ण कोसळू शकतो, म्हणून पुन्हा १२.५ पासूनच सुरुवात करावी लागते, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते.

गेल्या वर्षी भाऊ तीव्र बद्धकोष्ठतेमुळे (तोही याच औषधाचा परिणाम) एका रुग्णालयात दाखल होता. तिथे तीन दिवस गोळ्या बंद राहिल्या आणि घरी पाठवताना कार्डावर ‘पूर्वीची औषधे चालू ठेवणे’ एवढेच लिहिले होते. रात्री आईने तीन गोळ्या तळहातावर घेतल्या, पण शंका येऊन आधी मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला, म्हणून अनर्थ टळला.

विडीचेही तसेच आहे. धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जाते. दाखल असताना विडी सुटली की त्याच मात्रेत रक्तातील पातळी चढते, आणि गुंगी वाढते, कधी झटकेही येतात.

तेव्हा अशा रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर शेवटची गोळी कोणत्या तारखेला, किती वाजता दिली आणि घरी किती मात्रेने सुरुवात करायची, हे मराठीत लिहिणे आरोग्य विभागाने सर्व रुग्णालयांना बंधनकारक करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा