भाई, करंट गेला तरी आमचा फोन वाजतो

आदरणीय भाई,

सप्रेम नमस्कार.

जाहीर कौतुक तुम्हाला रुचत नाही, हे ठाऊक आहे. म्हणून तुमचं नाव घालत नाही. पण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या आणि बाहेरच्याही लहान संस्थांना कळायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमची संस्था रुग्णोपयोगी साहित्य पुरवते. खाटा, वॉकर, व्हीलचेअर, हवेतून ऑक्सिजन काढून देणारा विजेवरचा कॉन्सन्ट्रेटर. गोमेकॉतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातून, माणसाला घरी पाठवतात आणि घरचे लोक आमचा नंबर फिरवतात. तो 0832चा नंबर आमच्या प्रत्येक वस्तूवर रंगवलेला आहे, कित्येक म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. पण तांब्याची तार पाऊस सुरू झाला की मुकी व्हायची, त्यामुळे इंटरनेटवरचा फोन घ्यायचं ठरलं. आमच्याकडे आलेल्या एका कोटेशनमध्ये प्रत्येक टेबलावर रंगीत पडद्याचा व्हिडिओ फोन होता. ते कागद वाचून तुम्ही विचारलंत, "तुम्हाला फोन कोण करतं? कधी करतं? आणि करंट गेल्यावर हा फोन कोणाच्या जिवावर वाजणार?"

तो तिसरा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. जुन्या फोनला टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमधून त्याच तारेवरून 48 व्होल्टची वीज मिळायची, म्हणून घरात काळोख असला तरी घंटी वाजायची. इंटरनेटच्या फोनला फायबरची पेटी, राउटर, नेटवर्कच्या तारा जोडणारी स्विचची पेटी आणि स्वतः फोन, या सगळ्यांना करंट लागतो. यातलं एक बंद पडलं की सगळं गप्प. आणि वाळपईच्या बाजूला वादळात वीज गेली की घराघरांतले कॉन्सन्ट्रेटरही बंद पडतात. सिलिंडरसाठी आम्हाला फोन येतो तो नेमका त्याच वेळी. भाई, हे तुम्ही पहिल्या भेटीत ओळखलंत, त्याबद्दल तुमचे किती आभार मानू?

मग तुम्ही पैसा कुठे घालायचा ते दाखवलंत. साधे, काळ्या-पांढऱ्या पडद्याचे फोन, पण नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेणारे. स्विच 'पीओई'चा, म्हणजे त्याच तारेतून फोनला वीज पुरवणारा. जुन्या 802.3एएफ मानकाप्रमाणे तो एका पोर्टवर 15.4 वॉटपर्यंत वीज देतो आणि अशा फोनला त्यातले थोडेच पुरतात. त्यामुळे टेबलाटेबलावर अडॅप्टर नकोत. फायबरची पेटी, राउटर, स्विच आणि कॉल आतल्या फोनांवर वाटणारं आमचं स्वतःचं लहान एक्स्चेंज एका इन्व्हर्टरवर, आणि त्या इन्व्हर्टरवर पंखा लावायचा नाही ही तुमची सक्त ताकीद. ती आम्ही पाळतो.

जुना नंबर राखलात, हे उपकार तर वेगळेच. फायबरच्या पेटीमागे फोनचं जे पोर्ट असतं त्यावर आमचा नंबर आला आणि तिथून एक तार आपल्या एक्स्चेंजच्या पेटीत गेली. त्या पेटीला शेजारी शेजारी दोन प्रकारची पोर्टं आहेत, दिसायला अगदी सारखी: एफएक्सओ बाहेरून आलेली लाइन घेतं, एफएक्सएस साध्या फोनला घंटी देतं. अदलाबदल झाली तर पेटी बिघडू शकते. तुम्ही पांढरी पट्टी चिकटवून एकावर 'बाहेर' आणि दुसऱ्यावर 'घर' असं लिहिलंत. पट्टी अजून तिथेच आहे. 'घर'वर मागच्या खोलीतला जुना लाल फोन चालतो, कारण आमच्या वयस्कर सेविकेला त्याचीच सवय आहे. तिला नवं शिकायला लावूया असं तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत.

इंटरनेटचा मोठा प्लॅन घ्यायचा आग्रह आमच्यातल्या काहींनी धरला होता. तेव्हा तुम्ही कागदावर हिशेब मांडलात. जी.711 या चांगल्या आवाजाच्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज डिजिटल करून पाठवायच्या पद्धतीत, एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण 90 किलोबिट लागतात, म्हणजे चार कॉल एकदम चालले तरी अर्धा मेगाबिटसुद्धा होत नाही. वेगापेक्षा सातत्य मोठं. कोणी फोटो अपलोड करू लागलं की आवाज तुटायचा, त्यावर राउटरमध्ये आवाजाला पहिला मान देऊन तुम्ही तो प्रश्न मिटवलात. एका बाजूचाच आवाज येत होता तेव्हा राउटरमधली, इंटरनेट-फोनच्या संदेशांत ढवळाढवळ करणारी 'सिप एएलजी' ही सोय बंद केलीत, आणि काम झालं.

आवारापलीकडच्या शेडमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेऊ दिली नाहीत. मेघगर्जनेच्या दिवसांत विजेचा झटका त्या तारेतून आत येऊ शकतो. तिथे कॉर्डलेस हँडसेट दिलात.

दोन गोष्टी मात्र इतरांसाठी मुद्दाम लिहिते. नंबर परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावा, स्वस्त परदेशी नंबराच्या नादी लागू नये. आणि एक्स्चेंजचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलून, गरज नसेल तर आयएसडी बंद करावं. नाहीतर चोर रात्रीतून महागड्या परदेशी नंबरांवर कॉल लावतात आणि बिल संस्थेच्या माथी येतं. फोन 'सिप'वर, म्हणजे इंटरनेट-फोनच्या सर्वमान्य पद्धतीवर, चालणारा आणि कंपनीचं कुलूप नसलेला असावा, हेही तुमचंच. उद्या एक्स्चेंज बदललं तरी फोन टाकून द्यावे लागणार नाहीत.

या पावसात एका रात्री वीज गेली आणि लगेच फोन वाजला. पलीकडच्या मुलीच्या आजोबांचा कॉन्सन्ट्रेटर थांबला होता. आमचा मुलगा सिलिंडर घेऊन निघाला आणि वेळेत पोचला. तिने फोन करून आमचे आभार मानले. ते तुमचे आहेत, म्हणून तुमच्यापर्यंत पोचवते आहे.

डिचोलीच्या एका वाचनालयालाही असाच फोन हवा आहे. तुमच्या प्रश्नांचा कागद मी त्यांना दिला आहे आणि उत्तरं लिहून मगच तुम्हाला गाठा, असं सांगितलं आहे. तुम्हाला सवड असेल तर त्यांना भेटा. आणि चवथीला वहिनींना घेऊन आमच्याकडे नक्की या.

आपली कृतज्ञ,
संस्थेची कार्यवाह, वाळपई