ट्रॅक्शन कंट्रोल दुरुस्तीला दिलं होतं, तुम्ही एबीएसच बंद करून ठेवलंत

सर्व्हिस मॅनेजर साहेब, नमस्कार.

माझी गाडी २०१२ची आहे, जुनी आहे हे मला माहितीये, तुमच्या ॲडव्हायजरने ते दर वाक्यात सांगायची गरज नव्हती. प्रॉब्लेम एवढाच होता की कोरड्या रस्त्यावर पण मधेच ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक जागेवर फिरायला लागलं की पॉवर कमी करणाऱ्या सिस्टीमचा, पिवळा लाईट लुकलुकायचा आणि पिकअप मरायचा. कात्रजच्या जुन्या घाटात मागे ट्रक असताना ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढत नाही तेव्हा काय होतं ते घाट चढणाऱ्यालाच विचारा. जॉब कार्डवर मी हेच लिहून घेतलं होतं.

गाडी परत मिळाली तेव्हा लाईट बंद, पिकअप मस्त, बिलावर "एबीएस सिस्टीम चेक अँड रिपेअर". मी खूश. मग पावसात नवले पुलाच्या उतारावर समोर रिक्षा आडवी आली, ब्रेक मारला तर पायाखाली एबीएसची ती नेहमीची थरथर नाहीच, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणं हेच एबीएसचं काम, पण चाकं लॉक होऊन गाडी सरळ घसरत गेली. थोडक्यात वाचलो.

गल्लीतल्या मेकॅनिकने आधी फक्त चावी फिरवून बघितलं. इग्निशन ऑन केलं की एबीएस आणि ट्रॅक्शनचे लाईट क्षणभर लागून विझायला पाहिजेत, इथे लागतच नव्हते. फ्यूज बॉक्स उघडला तर एबीएसचा फ्यूज काढलेला, आणि मीटर खोलून दोन्ही लाईट बंद करून टाकलेले! म्हणजे फ्यूज काढल्यावर लाईट पेटून राहिला असता आणि मला कळलं असतं, म्हणून तोही बंदोबस्त. याला रिपेअर म्हणतात का हो?

ट्रॅक्शन कंट्रोलला वेगळं डोकं नसतं, ते एबीएसच्याच मॉड्यूलवर आणि चाकांच्या सेन्सरवर चालतं, त्यामुळे तो फ्यूज काढला की एबीएस जातं आणि मागच्या-पुढच्या ब्रेकचा जोर वाटणारं ईबीडी पण जातं. मला नुसतं ट्रॅक्शन बंद करायचं असतं तर डॅशबोर्डवर बटण आहे की. मुळशीला शेताच्या चिखलात गाडी रुतली की मी ते दाबतो, कारण तिथे चाक थोडं फिरू द्यावंच लागतं, आणि पुढच्या स्टार्टला ते आपोआप चालू होतं. त्यासाठी तुमच्याकडे कशाला येईन?

फ्यूज परत लावून स्कॅनर जोडला तर खरा दोष पण सापडला. मागच्या डाव्या चाकाचं रीडिंग चालत्या गाडीत मधेच शून्यावर येत होतं. गाडीला ड्राइव्ह पुढच्या चाकांना, त्यामुळे मागचं थांबलेलं दिसलं की सिस्टीमला वाटतं पुढची चाकं जागेवर फिरतायत, की लगेच पॉवर कट. सेन्सर, नाहीतर वायरिंग किंवा सेन्सर जी वाचतो ती बेअरिंगची रिंग, एवढंच तपासायचं होतं. तुमच्याकडे स्कॅनर नाही असं तर नाही ना?

आता मला हे पाहिजे: घेतलेले पैसे परत, मीटरचे लाईट पूर्ववत, सेन्सरचं काम तुमच्या खर्चाने, आणि फ्यूज कुणाच्या सांगण्यावरून काढला याचं लेखी उत्तर. "जुन्या गाड्यांना असंच करतात" हे फोनवर ऐकवलंत ते मेलवर लिहून पाठवा, जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर जोडायला बरं पडेल. आणि अशा अजून किती गाड्या तुम्ही फ्यूज काढून सोडल्यात त्यांना आधी फोन करा, पाऊस चालू आहे.

बिल, जॉब कार्ड, स्कॅन रिपोर्ट आणि फ्यूज बॉक्सचे फोटो जोडलेत.