काका, तुम्ही बिल वाचलंत

काका,

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, सुरू होता. नागपूरचा मे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आमच्यावर तर टिनाचं छत. रात्री बारालाही भिंतीला हात लावला की चटका बसायचा. आईला बीपी, त्यात दोनदा चक्कर येऊन पडली. कूलर बंद ठेवणार तरी कसा? दोन बिलं थकली, वीज तोडायची नोटीस आली आणि मी शिलाई मशीन विकायला काढली.

तुम्ही आलात, चष्मा पुसला आणि आधी बिल वाचलंत. त्याच्याच पाठीवर पेन्सिलीनं हिशेब मांडलात. १८० वॉटचा कूलर, रोज १४ तास, म्हणजे दिवसाला अडीच युनिट, महिन्याला ७५. पंखे, फ्रीज, मशीन धरलं की शंभराच्या पार, आणि शंभराच्या पुढच्या युनिटांना दर चढा. "पोरी, यात तुझी उधळपट्टी कुठेच दिसत नाही," म्हणालात. तोवर जो तो मला "इतका कूलर कशाला लावता?" एवढंच विचारत होता. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, काका.

नोटिशीनंतर पूर्ण १५ दिवस हातात असतात, हे २००३ च्या वीज कायद्यातच आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. हप्त्यांसाठी अर्ज तुम्ही लिहून दिलात, भर दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून माझ्यासोबत रांगेत उभे राहिलात. पहिला हप्ता तुमच्या पेन्शनमधून भरलात आणि पावती आईच्या हातात दिलीत.

जाता जाता मागची खिडकी उघडलीत. गारवा निघून जाईल म्हणून आम्ही ती बंद ठेवायचो. दमट हवेला वाट नसेल तर कूलर नुसता घाम आणतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री आई सलग झोपली.

शेवटचा हप्ता परवा भरला. मशीन घरातच आहे, त्यावर सध्या लग्नाचे ब्लाऊज शिवते आहे. बाजारात आता हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, आलाय. रविवारी आई सांबारवडी करणार आहे, काकूंना घेऊन या. तुमचे पैसेही तेव्हाच देईन, आणि ते तुम्ही घ्यायचे.

तुमची,
मागच्या गल्लीतली पोरगी