आप्पा, तुमच्या त्या बादलीसाठी

आप्पा, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमची भंगाराची लोटगाडी शाळेच्या फाटकाशी थांबली, तेव्हा खरं सांगते, मी तुम्हाला पुढे जा म्हणायलाच आले होते. आत प्रदर्शनाची धांदल होती. विषय नेहमीचाच, 'टाकाऊतून टिकाऊ'. बाटल्यांना सोनेरी रंग, टिकल्या, लोकरीचे गोंडे. तुम्ही व्हरांड्यातली एक फुलदाणी उचललीत, उलटीपालटी केलीत आणि म्हणालात, "मॅडम, हाई बाटली आते मन्हा कामनी नही."

मला आधी रागच आला. मग तुम्ही समजावलंत. रंग बसला, डिंकाने टिकल्या चिकटल्या, की तो माल पुढे कोणी घेत नाही. म्हणजे जी बाटली विकली गेली असती, वितळून पुन्हा कामी आली असती, तिचा आम्ही आठ दिवस खपून कचरा केला होता. दोन-तीन घरांत तर प्रकल्पासाठी म्हणून थंड पेयाच्या बाटल्या मुद्दाम विकत आणल्या होत्या, हे मला नंतर कळलं. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा फलक लिहिणारी, मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेणारी मीच.

तुम्ही मात्र बादली मागितलीत. पाण्याने भरलेली, बस. एका बाटलीची कात्रीने चकती कापलीत आणि पाण्यात टाकलीत. ती तरंगली. पोरं हसली. तुम्ही बोटाने तिला टिचकी मारलीत, खाली अडकलेला हवेचा बुडबुडा सुटला आणि चकती सरळ तळाशी गेली. मग त्याच बाटलीचं झाकण टाकलंत. दाबून खाली नेलं, सोडलं, की परत वर. मागच्या रांगेतली एक मुलगी ओरडली, "मॅडम, झाकन तं बुडत नही!" एकाच बाटलीत दोन जातीचं प्लास्टिक असतं, हे चौथीच्या वर्गाला त्या मिनिटात कळलं. मलाही तेव्हाच कळलं, हे इथे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी पोरांनी घरून काय काय आणलं! ठिबकच्या नळीचा काळा तुकडा तरंगला, पीव्हीसी पाइपाचा बुडाला. केळीच्या पट्ट्यातली पोरं ही, नळ्या त्यांच्या पायात येतात रोज, पण बादलीत कोणी टाकून पाहिल्या नव्हत्या. कारखान्यातही असेच तुकडे करून हौदात माल वेगळा करतात, असं तुम्ही सांगितलं होतंत. जुन्या प्लास्टिकचा दाणा, दाण्याचा दोरा, दोऱ्याची जळगावची चटई. आम्ही पंगतीला ज्यावर बसतो ती. मी त्यांना बाटलीच्या बुडाशी असलेल्या त्रिकोणातला आकडा वाचायला शिकवला: १ म्हणजे पेट (पाण्याच्या, थंड पेयाच्या बाटलीचं प्लास्टिक), २ म्हणजे जाड दुधी डबे, ३ म्हणजे पीव्हीसी. तुम्ही म्हणाला होतात, "आकडा मला नाही कळत, मला प्लास्टिकचा आवाज कळतो." तो आवाज अजून मला जमलेला नाही.

पाच रुपयांच्या चिप्सच्या पाकिटाचंही तुम्ही लपवलं नाहीत. आतून चंदेरी थर, बाहेर प्लास्टिक, एकमेकांना चिकटलेले. वेगळे होत नाहीत, म्हणून तुम्ही ते घेत नाही. मोठी माणसं मुलांना "सगळ्याचं काहीतरी होतं" असं सांगून मोकळी होतात. तुम्ही "याचं काही होत नाही" म्हणालात. आता डब्यात फुटाणे-शेंगदाणे दिसायला लागलेत. सगळ्यांच्या नाही, पण दिसतात.

आणि शाळेमागचा तो राखेचा ढीग. तुम्ही काठीने उकरलात, अर्धवट जळलेला पाइपाचा तुकडा काढलात आणि नुसतं माझ्याकडे पाहिलंत. पीव्हीसी जळलं की आम्लाचा वायू सुटतो, डायऑक्सिनसारखी विषं निघतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी काडी लावायला सांगणारी मीच होते, आप्पा. आता तिथे काडी लागत नाही.

पोरांनी झाकणांचं पोतं भरलंय, जिन्याखाली बांधून ठेवलंय. बाटल्या वेगळ्या, लेबलं काढलेली. शनिवारी सकाळची शाळा असते, दहाच्या आत आलात तर सगळी भेटतील. भाव आम्हीच ठरवणार म्हणताहेत. तेवढं सांभाळून घ्या.

तुमची,
चौथीची मॅडम