फोल्ड्सच्या नोंदीसाठी आभार

जॉन फोल्ड्स म्हणजे मँचेस्टरचा चेलोवादक आणि संगीतरचनाकार. १९२३ साली पहिल्या महायुद्धाच्या युद्धविराम दिनी त्याचा ‘अ वर्ल्ड रेक्विएम’ (मृतांच्या स्मरणार्थ रचलेली मोठी गायन-वादनरचना) लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला, आणि पुढे लोक त्याला विसरले. तो दिल्लीला आकाशवाणीत आला, १९३९ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने गेला. विकिपीडियावर एवढं लिहायलाही किती हात लागले!

जुन्या कार्यक्रमपत्रिकेचे फोटो रात्री दोन वाजता पाठवणाऱ्या ग्रंथपालबाई, ‘सनावळी पुन्हा तपासा’ म्हणून माझा मसुदा तीनदा परत धाडणारे संपादक (तेव्हा राग आला होता, खरं सांगते), आणि स्वरलिपी वाचून दाखवणारे पियानोशिक्षक काका, तुम्हा सगळ्यांची मी ऋणी आहे. नावं छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. पुढची पाळी संगीतरचनाकार रेबेका क्लार्कच्या नोंदीची, तयार राहा.