८३७ किलोमीटर कुणाचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रवासाचे कोष्टक होते. त्यात ‘नागपूर-मुंबई : अंतर ८३७ किमी, विमानाने दीड तास’ असे छापले आहे. तीस वर्षे भूगोल शिकवल्यामुळे अशा ओळी डोळ्यांत खुपतात. ८३७ हा आकडा रेल्वेचा. भुसावळ, मनमाड, कसारा घाट असे वळसे घेत गाडी सीएसएमटीला पोचते तेव्हाचा. विमान कशाला भुसावळला जाईल?

शाळेतला नकाशा पुरे आहे. दोन्ही शहरांच्या अक्षांशात दोन अंशांचा फरक, म्हणजे २२० किमीच्या आसपास. रेखांशात सहा अंशांहून थोडा जास्त. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश साधारण १०४-१०५ किमी भरतो, म्हणजे झाले ६४५. आता पायथागोरस लावा. कर्ण येतो ६८० च्या जवळपास. रस्त्याचे म्हणाल, तर समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा, पण तो भिवंडीजवळ आमणेला संपतो. मुंबई त्याच्यापुढे.

आता त्या दीड तासाचे. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून मागे ढकलतात तिथपासून मुंबईत ते जागेवर उभे राहीपर्यंतची असते. प्रत्यक्ष हवेत तास-सव्वा तास. थंडीत वर पश्चिमेचे वारे असतात म्हणून मुंबईला जाताना चार-दोन मिनिटे जास्त लागतात, पावसाळ्यात वरचे वारे पूर्वेचे होतात आणि हिशेब उलटतो. (वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरचीही मुले जागी व्हायची.) आणि मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, त्यामुळे आकाशातही रांग लागते.

गेल्या दिवाळीत मुलीकडे डोंबिवलीला गेले. नागपुरातल्या महाल भागातल्या घरून सव्वादहाला निघाले, सोनेगाव विमानतळावरून बारा चाळीसचे विमान. मुंबईवर घिरट्या घालताना एकच खाडी तीनदा दिसली. सामानाच्या पट्ट्यापाशी अर्धा तास, मग टॅक्सी, मग ठाण्याची कोंडी. मुलीच्या दारात पोचले तेव्हा सव्वापाच वाजले होते. सात तास! विमानातून उतरून पुन्हा नागपूरच्याच दिशेने चाळीस-एक किलोमीटर मागे यायचे, हे पैसे देऊन करण्यात काय हशील, असे जावईबापू हसत म्हणाले. विदर्भ एक्स्प्रेस मला कल्याणलाच उतरवते.

विमानाचा राग नाही. संध्याकाळच्या विमानात खिडकीशी बसावे. नागपूरपेक्षा मुंबईत सूर्य जवळजवळ पंचवीस मिनिटे उशिरा मावळतो, आणि आपण त्याच्या मागे धावत असल्यामुळे ती लाली खूप वेळ हटत नाही.

पण कोष्टक बघून लोक बेत आखतात. कुणी दुपारच्या मुलाखतीला सकाळचे विमान धरतो, कुणी दवाखान्याची वेळ ठरवतो. तेव्हा अंतर लोहमार्गाचे, रस्त्याचे की सरळ हवाई, ते लिहा. आणि वेळ विमानतळ ते विमानतळ आहे, घर ते घर नव्हे, एवढी तळटीप द्या. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल ही अपेक्षा.

– एक निवृत्त भूगोल शिक्षिका, महाल, नागपूर